एका डब्यातल्या गोळ्या

माझा स्वभाव मुळातच उतावळा. नांदेडच्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि डोक्यात मात्र उदगीरच्या आईचे पाय. शुगरमुळे तिच्या तळपायांची सारखी आग व्हायची, फरशीवर पाऊल टेकलं तरी कण्हायची. लातूरच्या एका दवाखान्यात याच दुखण्यावरच्या नव्या गोळीची चाचणी सुरू झाली, तेव्हा मीच तिला तिथं नेलं. शेजारच्या खालाही सोबत आल्या, त्यांचंही दुखणं तेच.

डॉक्टरांनी नीट समजावलं. काहींना खरी गोळी, काहींना दिसायला तशीच पण बिनऔषधाची. कुणाला कोणती, हे त्यांनाही ठाऊक नसतं. दोघींनी माना डोलावून सह्या केल्या, गोळ्यांची एकेक बाटली घेतली. घोर लागला तो माझ्या जिवाला. आईच्या बाटलीत खरी असेल ना? रोज फोन करायचे, "आग कमी झाली का?"

"अगं, दम धर की जरा," आई म्हणायची.

मग खरंच कमी झाली. दोघींचीही. आई पायी बाजारात जाऊन आली हे ऐकून मी नाचायचीच बाकी होते.

दिवाळीला घरी गेले. चहापत्ती शोधताना एक स्टीलचा डबा उघडला, तर आत दोघींच्या गोळ्यांचा काला! माझं डोकंच फिरलं.

"आई, हे काय करून ठेवलंस?"

"एकीला खरं अन् एकीला खोटं, असं कसं चालंल? निम्मं निम्मं खाऊन राहिलो."

खाला हसल्या. "बेटा, आपल्या दोन घरांत वाटी कधी रिकामी गेली का? मग गोळीचंच काय एवढं?"

गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. पण याच चाचणीच्या भरवशावर उद्या कितीतरी लोक ती गोळी गिळणार होते. लातूरला फोन लावून डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी दोघींना चाचणीतून काढलं, गोळ्या परत घेतल्या. कुणाच्या बाटलीत काय होतं, ते चाचणी संपेपर्यंत सांगणार नाहीत.

आईचे पाय पुन्हा पेटलेत. खालांचेही. दोघी ओट्यावर एकाच घमेल्यात पाय बुडवून बसतात. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "गोळ्या वाटून घेतल्या नसत्या अन् तुझ्याच बाटलीत खरी असती, तर आज हिंडत असतीस तू!"

"अन् ही इथं एकटीच बसली असती," आई म्हणाली.