माझी रेणू दूध पिताना दमायची

आई, वणीच्या स्टँडवर तू रेणूला एसटीच्या खिडकीतून माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "पोर लय गुणी हे. रडून त्रास नाय द्यायची तुला." दोन महिन्यांची होती ती. यांना एकलहऱ्याला कंत्राटी काम लागलं होतं, नाशिक रोडला खोली घेतली होती. बाळंतपण उरकून मी संसाराला निघाले होते. रडले ते फक्त माहेर सुटतंय म्हणून.

गुणी म्हणजे काय, तर दोन घोट प्यायली की झोपायची. पिताना कपाळावर घाम यायचा. दूध अंगी लागतंय, असं तू म्हणायचीस आणि मलाही ते पटायचं. आपल्याकडे शांत मूल म्हणजे आईचं नशीब. चाळीतल्या बायकाही हेवा करायच्या. त्यांची पोरं घर डोक्यावर घ्यायची.

डोस द्यायला नेलं तेव्हा दवाखान्यातली सिस्टर तिच्या श्वासाकडेच बघत राहिली. मग डॉक्टरांनी तपासलं. जन्मापासून हृदयाला भोक आहे म्हणाले. दमते म्हणून झोपते, पोट भरत नाही तिचं. मुंबईला ऑपरेशन ठरलं. त्याआधीच न्यूमोनियाने नेली. ती गेल्यावरही कितीतरी दिवस मला पान्हा फुटायचा. ते हाल मी कुणाला सांगितले नाहीत.

पुढे त्याच सिस्टरने मला बोलावलं. डॉक्टरांचं बोलणं बायांच्या डोक्यावरून जातं, तू सांग म्हणाली. आता दर शुक्रवारी ओपीडीबाहेर मी अशा बाळांच्या आयांशी बोलते. थोडं थोडं पाजा, पण सारखं पाजा. डोकं उंच धरा. पिताना घाम आला तर कौतुक करू नका, दाखवायला आणा. एकदा सटाण्याकडची एक बाई हळूच म्हणाली, "मनी पोर बी आशीच शे." तिचीही पोर पिताना अशीच दमायची. तिच्या पोरीचं ऑपरेशन वेळेवर झालं. पेढे घेऊन आली होती. मी हसून पेढा खाल्ला आणि घरी येऊन तुझ्यावर, देवीवर, सगळ्या जगावर चिडून रडले.

हे वहिनी तुला वाचून दाखवेल. माहेरी आले की तू मांडे करतेस, दादा द्राक्षं बांधून देतो, पण रेणूचं नाव कुणी काढत नाही. मला त्रास होईल म्हणून. मी काढलं तर तू उठून चुलीकडे जातेस. म्हणून मी दोन दिवसांतच परत फिरते, आणि तुला वाटतं लेकीला शहर लागलं.

आई, एखाद्या शुक्रवारी ये. बाकावर त्या बायांमध्ये बस. तिथे मी तिचं नाव घेते आणि कुणी उठून जात नाही.