रान्वेगच्या नावची जमीन

आईला पुरलं त्या दिवशी पाद्रीबुवा म्हणाले, "रान्वेगबाईंनी आपल्या पतीची जन्मभर वाट पाहिली." पाहिली म्हणे! अमेरिकेतल्या या डकोटात येऊन दोन वर्षं न झालेल्या या माणसाला ही थाप कुणी पुरवली, ते मला ठाऊक होतं. आमचा शेजारी हेल्गे पहिल्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

माझा बाप हाल्वोर बोलण्यात पटाईत. सरकारची एकशेसाठ एकर माळजमीन त्याने नोंदवली. पाच वर्षं राहून कसली की ती आपली, असा कायदा. मातीच्या ढेपा कापून घर रचलं ते आईने. हा भिंतीला टेकून नॉर्वेतल्या होड्यांच्या गोष्टी सांगत होता. दुसऱ्या हिवाळ्यात "रेल्वेच्या कामावर जातो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. कुणी विचारलं की आई सांगायची, "कामावर आहेत." मग रोज सकाळी बायबल मिटल्यावर त्या खोट्यासाठी देवाची क्षमा मागायची. मला तिचाच राग यायचा. असल्या माणसाची लाज झाकायची कशाला?

हा हेल्गे चर्चचा कारभारी. रविवारी आमच्या बाकावर बसून गळा काढून स्तोत्रं गायला आणि सोमवारी जमीन कचेरीत अर्ज ठोकून आला: हाल्वोर पळालाय, ती जमीन मला द्या.

आईने बैल जुंपले. दोन दिवसांची वाट. मी तेरा वर्षांची, तिच्या शेजारी.

"बाबा मेले म्हणून सांग ना," मी म्हटलं. "विधवेला जमीन मिळते."

"मेले नाहीत ना पण."

"कुणाला कळणारेय?"

"ज्याला कळायचं त्याला कळलेलंच आहे. बैल हाक."

कचेरीत हेल्गे दोन साक्षीदार घेऊन आला होता, दोघंही आमच्याच चर्चचे. साहेबाने विचारलं, "नवरा कुठाय, बाई?"

"मला टाकून गेले. तीन वर्षं झाली. कामावर आहेत असं मी लोकांना सांगत आले, ते खोटं होतं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आईची मान लालबुंद झाली, पण ती वळली नाही.

"नांगरतं कोण?"

"मीच."

साहेबाने अर्ज बाजूला सारला. "नवऱ्याने टाकलेली बाई घरची कर्ती धरली जाते. जमीन तुमचीच."

परतताना मी हेल्गेला वाटभर शिव्या घातल्या. आईने त्या ऐकून घेतल्या. "झालं? आता त्याच्यासाठी प्रार्थना कर." मी केली नाही. तिने केली. पुढच्याच महिन्यात हेल्गेची बायको अडली, तेव्हा तिचं बाळंतपणही आईनेच केलं. आभाराचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

वर्षभरात जमिनीचा कागद हाती आला. पंधरवड्यात बाप हजर, डोक्यावर नवी टोपी. असल्या बातम्यांचा वास त्याला बरोबर लागायचा. आईने कॉफी ओतली, भाकरीला लोणी लावून दिलं.

"रान्वेग, देव क्षमा करायला सांगतो."

"केली. तुम्ही गेलात त्यानंतरच्या वसंतातच केली."

"मग सामान आत आणू?"

"क्षमा तुम्हाला केलीय. घर माझं आहे. कॉफी अजून हवी?"

त्याने तीही प्यायली, साखर घालून. मग शहराच्या रस्त्याला लागला. पुढे आणखी पश्चिमेला कुठेतरी स्वतःला विधुर म्हणवत राहिला, असं कानावर आलं.

आईने त्यानंतर सव्वीस वर्षं ती जमीन कसली, पण रविवारी कधी नांगराला हात लावला नाही. तिच्या सकाळच्या प्रार्थनेत बापाचं नाव असायचं, हेल्गेचंही. त्या दोघांची नावं आली की मी डोळे उघडे ठेवायची.