कळंबाची फांदी

मुलीला शाळेसाठी आपल्या घराण्याचं चिन्ह काढायचंय, खाली ब्रीदवाक्यही हवंय.

"आपलं देवक कळंब," मी म्हणालो. "लग्नात पुजतात ते कुळाचं झाड. तेच काढ."

ती पेन्सिलीला टोक करू लागली. इथे आखातात, माहूजच्या या बंद फ्लॅटमध्ये ताज्या लाकडाचा वास पसरला आणि मला बसवेना. उगाच खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

असाच वास माझ्या लग्नाच्या सकाळी आला होता. लीव्ह जेमतेम दहा दिवसांची, सगळीच घाई. मांडवासाठी फांदी हवी म्हणून शेताच्या बांधावर गेलो आणि सरळ मोडली. मागून माझे वडील, आबा, आले. खोडावर हात ठेवून झाडालाच म्हणाले, "पोरगं घाईत आहे, मनावर घेऊ नकोस. लग्नाला चल." तेव्हा मला हसू आलं होतं.

"बाबा, अँड द मोटो?"

"लिही. विचारल्याशिवाय फांदीसुद्धा तोडायची नाही."

तिने ते वळणदार अक्षरात लिहिलं. मग मान वर केली. "इज द ट्री स्टिल देअर?"

गेल्या सुट्टीत ते शेत विकायच्या कागदावर सही केली, तेव्हा मी बांधापर्यंतसुद्धा गेलो नव्हतो.