वरच्या ओठाला जीभ

प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या बेटाची भाषा हा माझ्या पीएचडीचा विषय. बेट मी पाहिलेलं नाही. समुद्रसुद्धा कारवारला जाऊन दोनदाच.

प म्हणताना ओठाला ओठ लागतो, त म्हणताना दातांना जीभ. त्या बेटावर काही व्यंजनांसाठी जिभेचं टोक थेट वरच्या ओठाला टेकवतात. बोलणारा आपल्याला वाकुल्या दाखवतोय असंच वाटतं. तिथल्या तरुणांनी कंटाळून हे आवाज सोडलेत आणि सोपा त धरलाय. म्हातारे तेवढे टिकवून आहेत.

घरात आई हसायची, म्हणून सराव मी आमच्या दाजीबानपेठेतल्या कापडदुकानात करायची. गादीवर अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि कोपऱ्यात हेडफोन लावून जीभ काढलेली मी. एकदा खण बघायला आलेल्या बाई तडक निघून गेल्या. तेव्हापासून कुणी पायरी चढलं की अप्पा मान न वळवता म्हणायचे, "आत जा. गिऱ्हाईक बघायलंय." बघायलंय म्हणजे बघतंय, आणि आत म्हणजे गोदामात. माझा निम्मा प्रबंध इरकल साड्यांच्या गठ्ठ्यांवर बसून झालाय.

गेल्या वर्षी अप्पांना झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. कानडी आणि मराठी एका दमात बोलून गिऱ्हाईक गुंडाळणारा माणूस नुसता हुंकार द्यायला लागला. बोलता येईपर्यंत गिऱ्हाईकासमोर बसणार नाही, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. दुकान मी चालवायला घेतलं, म्हणजे बुडवायचं तेवढं बाकी ठेवलं. अप्पा असेच भिंतीकडे बघत संपतील, अशी मला भीती वाटत होती.

स्पीच थेरपीच्या बाईंनी व्यायाम दिला: जीभ बाहेर, टोक वरच्या ओठाला, दिवसातून चारदा. अप्पांनी तोंड घट्ट मिटलं. पेठेत मान असलेल्या माणसानं या वयात जीभ काढून दाखवायची? आईनं विनवलं, आत्यानं रडून पाहिलं. अप्पा ढिम्म.

मग मी त्यांना मोबाइलवर त्या बेटावरचे एक आजोबा दाखवले. ऐटीत बसून, जीभ ओठाला लावत ते काहीतरी सांगत होते.

"तिथं पोरासोरांना हे जमत नाही अप्पा," मी म्हटलं. "मोठी माणसंच असं बोलतात."

अप्पांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. चौथ्यांदा त्यांची जीभ बाहेर आली, वाकडी आणि थरथरत.

आईसमोर त्यांना लाज वाटायची. म्हणून रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बापलेक समोरासमोर बसायचो आणि एकमेकांना वाकुल्या दाखवायचो. असे तीन महिने गेले. एका दुपारी शटरखालून वाकून एक बाई आत आल्या आणि आम्हा दोघांच्या जिभा बघून थबकल्या. माझी तर बाहेरच राहिली.

अप्पांनी आपली आत घेतली. मान न वळवता, जड पण स्वच्छ शब्दांत ते म्हणाले, "आत जा. गिऱ्हाईक बघायलंय."

मग त्या बाईंना कानडीत "बर्री अक्का", या ताई, म्हणत ते गादीवर सरकून बसले. मी मुकाट्यानं गोदामात गेले आणि गठ्ठ्यांत तोंड खुपसून पोटभर रडले.