ब्लिचिंगचा वास
आज सकाळी नळाच्या पाण्याला ब्लिचिंग पावडरचा उग्र वास आला आणि भूकंपानंतरची लातूरकडची ती पत्र्याच्या शेडची वस्ती आठवली. मी तिथं नर्स होते. बादलीत पावडर कालवायची, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि अर्धा तास कुणाला तोटीला हात लावू द्यायचा नाही, हे माझं काम. तरी लेकरांना हगवण लागतच होती. मग कळलं, बाया टाकीच्या पाण्यानं भांडी घासत होत्या आणि प्यायला ओढ्याचं आणत होत्या. मी एकीला रागावले. ती शांतपणे म्हणाली, "सिस्टरबाई, माझ्या लेकाला ढिगाऱ्यातून काढलं तवा तिथं हीच भुकटी टाकली व्हती. तोच वास हाय. घशाखाली कसं उतरंल?" तिची धाकटी पोर आत मलूल पडली होती. मी दोन घागरी मागितल्या. उन्हात बसून आम्ही दोघी टाकीचं पाणी या घागरीतून त्या घागरीत ओतत राहिलो, तसं केलं की वास उडतो. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "गेला का?" थोडा येत होता. "गेला," म्हणाले आणि आधी मी तांब्याभर प्यायले. मग तिनं पोरीला पाजलं, उरलेलं स्वतः प्यायली. "येतोय की थोडा," ती म्हणाली आणि तांब्या पुन्हा भरून घेतला. आत्ता सुनेनं विचारलं, "पाण्याला वास येतोय ना?" मी "हो" म्हणाले आणि पेला संपवला.