गीताबाईनं सांगितलेला गॅस

आमच्या चिकलठाण्यात माणूस मरायला टेकला तरी त्याला आधी गॅसच होतो. पाठ दुखली, गॅस. डोकं धरलं, गॅस. अन् त्या गॅसवर इलाज करणारे आमचे गोकुळ डॉक्टर. एक सुई, तीन पुड्या, चला पुढं. कागद-बिगद भानगड नाय.

शेजारची गीताबाई कंपनीच्या कँटीनात पोळ्या लाटते. लई फटकळ. सुपरवायझरसुद्धा तिच्याकडं चहा मागताना आवाज खाली घेतो. दोन वर्षांमागं तिच्या नवऱ्याच्या, अप्पारावच्या, छातीत कळ आली, दरदरून घाम सुटला. तिनं त्याला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं अन् दारातूनच वरडली, "डॉक्टर, ह्यायला गॅस झाला, सुई द्या!" डॉक्टरनं दिली. दुपारपर्यंत अप्पाराव गेला. हार्ट अटॅक होता.

गीताबाईनं ग्राहक आयोगात केस टाकली. गल्ली हसली. "घरच्या डॉक्टरवर केस? उद्या देवावर टाकशील!" मी म्हणले, देव तरी न तपासता सुई देत नाय.

मग डॉक्टरचं लेखी उत्तर आलं. आमच्या वकीलबाई, विशाखा, त्यांनी वाचून दाखवलं: 'गॅस झाल्याचे रुग्णाच्या पत्नीनेच सांगितले.' गीताबाई बसली ती बसलीच. आठवडाभर तिच्या तोंडून एक शिवी नाय. मला तर भ्याच वाटलं. एकदा हळूच म्हणली, "सुलेखा, म्हंजी मीच मारलं का गं त्यायला?" असा राग आला मला त्या मेल्या डॉक्टरचा!

सुनावणीला मी संगं गेले. डॉक्टरच्या वकिलानं पुन्हा तेच वाक्य वाचलं. गीताबाई ताडकन उठली. विशाखाबाई तिचा पदर ओढत राहिल्या.

"व्हय, मी म्हणले गॅस! मी चौथी नापास हाय. तुमी एवढं शिकले, तुमी छातीला नळी का नाय लावली?"

डॉक्टरनं वकिलाकडं बघितलं. वकिलानं पंख्याकडं. आयोगाच्या मॅडम म्हणाल्या, "सांगा डॉक्टर, तपासलं होतं का?"

"त्या दिवशी गर्दी लई होती," डॉक्टर पुटपुटले.

निकालाला पुढची तारीख पडली. गीताबाईनं ती विचारलीसुद्धा नाय. बाहेर पायरीवर बसून हमसून हमसून रडली.

"मी नाय मारलं त्यायला," ती म्हणली. "सुलेखा, मी नाय मारलं."