मेजरचं स्टेअरिंग उजवीकडं

यासीनभाईच्या गॅरेजात दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगार दिवाळीच्या आधी टेम्पोवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते माझ्याच डोक्यात पडून राहतात, कारण माझं सीट-कुशनचं दुकान गॅरेजला चिकटून आहे आणि हात मशीनवर असले तरी कान तिकडेच असतात. बसलाच आहात, तर ऐकून जा.

आधी धंदा सांगतो. लष्करी लिलावात जुन्या जीपा सुटतात आणि आपल्या नगरला हौशी माणसांची काही कमी नाही. पण त्यातल्या काही जीपांचं स्टेअरिंग डावीकडं असतं. कागद करायला गेलं की आरटीओ ऑफिसात सांगतात, आधी स्टेअरिंग उजवीकडं आणा. मग गिऱ्हाईक येतं यासीनभाईकडं. तो स्टेअरिंग, पेडलं, सगळं डावीकडचं उचलून उजवीकडं बसवतो आणि मी सीटं शिवतो.

* * *

मिरजगावचे एक कांद्याचे व्यापारी अशीच जीप घेऊन गॅरेजला निघाले. दवाखान्यात दाखवायचं म्हणून आईला बरोबर घेतलं. आई बसली उजव्या सीटवर. गार वारा लागला, तिची मान खाली गेली आणि ती घोरायला लागली.

नगरच्या नाक्यावर ट्रॅफिकवाल्यानं बघितलं, तर ड्रायव्हरच्या जागी म्हातारी झोपलेली आणि गाडी मात्र झकास चाललेली. त्याच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. बिचारा जीपच्या बाजूनं पळत सुटला आणि ओरडला, "आजी, ब्रेक दाबा, ब्रेक!"

म्हातारीनं डोळे उघडले आणि अंगठ्यानं डावीकडं दाखवलं. "मला काय सांगतो? त्याला सांग की. घरात बी तो माजं ऐकत न्हाई."

व्यापाऱ्यानं डावीकडून नमस्कार केला. लायसन मागायचं ट्रॅफिकवाला विसरूनच गेला.

* * *

यासीनभाई कारागीर एक नंबर, पण एकदा त्याचाही घोळ झाला. एका जीपचा स्टेअरिंग बॉक्स उजव्या बाजूला नीट बसेना, म्हणून पठ्ठ्यानं तो उलटा करून बसवला. बसला फिट. यासीनभाई खूश. म्हणाला, चक्कर मारून येतो.

आता बॉक्स उलटा बसला की चाकंही उलटी वळतात. यासीनभाईनं स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं रस्त्यावर जायला, आणि जीप डावीकडं वळून थेट माझ्या दुकानात! फोमच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून उभी राहिली. मी टेबलावर चढलो होतो.

यासीनभाई शांतपणे उतरला, फोम दाबून बघितला आणि म्हणाला, "माल चांगला ठेवतो रे तू."

* * *

मग आले मेजर. आपल्याकडं फौजेतून रिटायर झालेला माणूस मेजरच असतो, तसे हे मेजर. उभी नोकरी ड्रायव्हर म्हणून केलेली. शेवगावच्या बाजूला शेती. डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. लोक आदरानं विचारायचे, कोणत्या लढाईत लागलं? मेजर सांगायचे, "बाजरीच्या." मळणीयंत्रात हात गेला होता.

तेव्हापासून मेजरची गाडी सुटली. आपल्या गाड्यांचा गिअर डाव्या हाताला, आणि ती बोटं गिअर धरीनात. मग कुठून तरी त्यांना ही जीप मिळाली. स्टेअरिंग डावीकडं, म्हणजे गिअर आला उजव्या हाताला! डावा तळवा स्टेअरिंगवर टेकवायचा आणि चालवायची. माणूस पुन्हा तरणा झाला. पण कागद नव्हते, त्यामुळं फिरायचं ते स्वतःच्याच वावरात. कागद करायचे तर स्टेअरिंग उजवीकडं घ्यायचं, आणि उजवीकडं घेतलं की मेजरचं ड्रायव्हिंग संपलं. असा सगळा पेच.

मी म्हटलं, ऑटोमॅटिक गाडी घ्या ना, गिअरची कटकटच नको.

मेजर माझ्याकडं बघतच राहिले. "त्यात ड्रायव्हर कशाला लागतो?"

शेवटी म्हणाले, घ्या उजवीकडं. रस्त्यावर तर येऊ द्या तिला, पुढचं बघू. पण ते म्हणताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता, खरं सांगतो.

* * *

स्टेअरिंग उजवीकडं आलं आणि गिअर मेजरच्या डाव्या हाताला. यासीनभाईनं जीव तोडून उपाय केले. गिअरला मोठी मूठ लावली, मग लाटणं लावून बघितलं. ढकलायचं जमायचं, ओढायचं जमायचं नाही. मग मी चामड्याचा पट्टा शिवला, हात अडकवून ओढायला. पट्टा इतका बेस बसला की हात निघेना. मेजर समोरच्या मैदानात सेकंड गिअरमध्येच गोल गोल फिरतायत आणि यासीनभाई मागं पळतोय.

मेजरच्या बायको, काकू, माझ्या दुकानाच्या पायरीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या. दर खेपेला त्या एसटीनं यायच्या. त्या डबड्यात बसायची न्हाई, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, काकू, काहीतरी करायला पाहिजे.

काकूंनी मानही वर केली नाही. "फिरू द्या. दमलं की थांबत्याल."

* * *

पासिंगच्या दिवशी साहेबापुढं जीप यासीनभाईनं चालवली. पास झाली. आम्ही पेढे वाटले. मेजर उजव्या सीटवर जाऊन बसले, डावा हात मांडीवर ठेवला आणि समोर बघत राहिले. पेढा तसाच हातात. यासीनभाईला म्हणाले, शेवगावपर्यंत तूच सोड बाबा.

काकू एसटी स्टँडकडं निघाल्या होत्या. चार पावलं जाऊन परत आल्या, पिशवी मागं टाकली आणि डाव्या सीटवर चढून बसल्या.

"क्लच दाबा," त्या म्हणाल्या.

मेजरनं दाबला. काकूंनी फर्स्ट टाकला. जीप निघाली की हो! मेजर फौजेत होते तेव्हा शेतातला ट्रॅक्टर काकूच चालवायच्या, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मी स्कूटर काढून मागं लागलो. मेजर क्लच दाबायचे आणि काकू गिअर टाकायच्या. ना आवाज, ना धक्का.

चौकात सिग्नल लागला. सिग्नल सुटला, मेजरनं क्लच दाबला, पण जीप जागची हलेना. मागं ट्रक, रिक्षा, सगळे हॉर्न बडवायला लागले. मी स्कूटर जीपशेजारी घेतली. काकू गिअर न्यूट्रलमध्ये धरून बसल्या होत्या.

"टाक की," मेजर म्हणाले.

"आदी सांगा, कुटं चाललो?"

"कुटं म्हंजी? घरी."

काकूंचा हात हलला नाही. "उभा जलम सायबांच्या बायका फिरवल्या. मला कुटं न्येलं?"

हॉर्नचा नुसता कल्लोळ चालला होता. मेजरनं काकूंकडं बघितलं. मग पाठ ताठ केली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि नजर समोर ठेवून विचारलं, "मॅडम, गाडी कुठं घेऊ?"

काकूंनी पदर खोचला आणि फर्स्ट टाकला.

"सरळ घ्या. म्या थांबा म्हनंन तितं थांबायचं."